परवानगी मागून शोध लागत नाहीत



कृषी महाविद्यालयात चार वर्षे मला एकच चित्र शिकवले. शोध विद्यापीठात लागतो, खात्यामार्फत तालुक्याला येतो आणि शेवटी शेतकऱ्याच्या बांधावर उतरतो. शेतकऱ्याने फक्त ऐकायचे. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा इतिहास वाचला, तेव्हा कळले की हे चित्र उलटे टांगलेले होते.

त्या देशाची कारखानदारी मोठ्या प्रमाणात लोहाराच्या भात्यापाशी आणि शेतकऱ्याच्या वावरात जन्मली. इलिनॉयची काळी जमीन आपल्या जमिनीसारखीच चिकट. बिडाच्या नांगराला माती अशी धरायची की घडीघडी थांबून खरवडावी लागे. जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ साली करवतीच्या मोडक्या पोलादी पात्याचा गुळगुळीत नांगर घडवला. माती आपोआप घसरू लागली. ना कुणाची शिफारस, ना कोटा, ना परमिट. शेजारच्या शेतकऱ्याला पटले, त्याने विकत घेतला. त्यातून कारखाना उभा राहिला.

सायरस मॅककॉर्मिक शेतकऱ्याचाच मुलगा. बापाला न साधलेले कापणीयंत्र त्याने १८३१ साली शेतात चालवून दाखवले, १८३४ साली पेटंट घेतले आणि १८४७ साली गव्हाच्या मुलखात, शिकागोला कारखाना काढला. हाताने दिवसाला दोन-तीन एकर कापणी व्हायची, यंत्राने दहा-बारा एकर होऊ लागली. १८४८ साली पेटंटची मुदत संपली. त्याने वाढवून मागितली, ती मिळाली नाही. प्रतिस्पर्धी चहूकडून उतरले. मग त्याला शेतकऱ्याच्या दारात जावे लागले : ठरलेली किंमत, लेखी हमी, हप्त्याने पैसे. मक्तेदारी टिकली असती, तर कोणता कारखानदार शेतकऱ्याला लेखी हमी देत बसला असता?

पेटंटचा कायदाही बघा. १८३६ च्या कायद्याने तिथल्या नागरिकाला पेटंटची फी तीस डॉलर होती. त्याच वेळी इंग्लंडात शंभर पौंडांहून जास्त, म्हणजे पाचशे डॉलरच्या घरात खर्च, वर कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे ते वेगळेच. इंग्लंडात शोध श्रीमंताचा, अमेरिकेत मिस्त्र्याचाही. १८३६ साली पेटंटचा क्रमांक एकपासून सुरू झाला. १९०० सालच्या आरंभी तो सहा लाख चाळीस हजारांपुढे गेला होता.

मक्तेदारी तिथेही होतीच. न्यूयॉर्क राज्याने आपल्या पाण्यात आगबोटी चालवण्याचा हक्क मोजक्या मंडळींना लिहून दिला होता. १८२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला आणि नद्या आगबोटींनी भरल्या. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना यातला अर्थ फोडून सांगायला नको.

आता सभेत कुणीतरी उठून म्हणेल, "साहेब, अमेरिकेचा कापूस गुलामांनी पिकवला. रेल्वे कंपन्यांना सरकारने कोट्यवधी एकर जमीन फुकट दिली. कसले आले स्वातंत्र्य?" खरे आहे, आणि ते झाकणारा मी नाही. पण हे दोन्ही स्वातंत्र्याचे पुरावे नव्हेत, स्वातंत्र्य हिरावून घेतल्याचे आहेत. फुकट जमिनी मिळालेल्या रेल्वेने भाड्यात नाडले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी १८७० च्या दशकात संघटना बांधून लढा दिला.

आणि कापूस? १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचा रेचा केला. हाताने दिवसाला एक पौंड रुई निघायची, रेच्याने पन्नास पौंड निघू लागली. व्हिटनी आणि त्याच्या भागीदाराने मजुरी मागितली कापसाच्या दोन-पंचमांश! मळेवाल्यांनी ती झुगारली, गावोगाव नकला निघाल्या. पण रेच्याने वाचवलेला घाम गुलामाच्या वाट्याला आला नाही. १७९० साली तिथे सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० साली चाळीस लाखांच्या घरात गेले.

मिसिसिपीतल्या नेड नावाच्या गुलामाने कापसातले तण खरवडायचे औजार केले. मालकाने स्वतःच्या नावाने पेटंट मागितले. १८५८ साली सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराने निर्णय दिला : नेड नागरिक नाही, म्हणून त्याला पेटंट नाही, मालकाने शोध लावला नाही, म्हणून त्यालाही नाही. डोके नेडचे होते, हातही नेडचे होते. पण त्या शोधावर त्याचा हक्क नव्हता. मॅककॉर्मिकच्या यंत्रावरही जो अँडरसन या गुलामाचे हात राबले होते. पेटंटवर त्याचे नाव नाही.

परिणाम काय झाला? १८६० साली कारखान्यांच्या मालापैकी सुमारे नऊ-दशांश माल उत्तरेकडे निघत होता. कापसाचे राज्य असलेली दक्षिण कच्चा माल विकत राहिली. १८६१ ते १८६५ च्या युद्धात तिचा कापूस अडकला आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव बसला. आपल्या पणज्यांच्या हाती कापूस होता. गिरण्या, जहाजे आणि बाजार दुसऱ्यांच्या हाती होते.

भावांनो, अक्कल कुठल्या एका देशाची मिरास नाही. डिअरजवळ होती तशी नेडजवळही होती. फरक इतकाच की डिअरला करून बघायला आणि विकायला कुणाची परवानगी लागली नाही, आणि त्याच्या घामाचा दाम त्याच्याच खिशात पडला. "आम्ही तुमच्यासाठी शोध लावू, तुम्ही थांबा," असे यापुढे कुणी म्हणाले, तर त्याला नेडची गोष्ट सांगा. आणि विचारा, आमच्या हाताला बेडी का?