दंशनिवारण

रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत दिलीप राजा नंदिनी धेनूची सेवा करतो. तिच्या अंगावरचे दंश वारणें हाहि त्या सेवेचा एक भाग कवीनें सांगितला आहे. संस्कृतांत दंश म्हणजे चावणारी माशी. हा सर्ग आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंत वाचला. पण गाईला माशी चावते म्हणजे काय होतें, याचा विचार २०२२ सालच्या लंपी चर्मरोगानें आपणांस करावयास लाविला. त्या वर्षीं गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोंचावी लागली, आणि तरीहि कित्येक गोठ्यांतलीं दावीं रिकामीं झालीं. हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्यांत रक्त पिणाऱ्या माश्या व डांस प्रमुख होत.

माशीला गाय सांपडते ती बव्हंशीं वासावरून. आफ्रिकेंत त्सेत्से नांवाची माशी गुरांना नगाना हा जीवघेणा रोग देते. झिंबाब्वेमध्यें ग्लिन व्हेल या शास्त्रज्ञानें बैल भुयारांत ठेवून त्यांचा केवळ वास वर सोडला. बैल दिसत नसतांहि माश्या तेथें जमल्या. पुढें १९८४ सालीं बैलाच्या श्वासांतील ऑक्टेनॉल हें द्रव्य माशीस ओढतें असें आढळलें. गोमूत्रांतील फिनॉल जातीच्या द्रव्यांचाहि तसाच गुण सिद्ध झाला. केनियांतील न्गुरुमान भागांत निळ्या-काळ्या कापडाच्या सांपळ्यांपाशीं गोमूत्र व ॲसिटोन ठेवून त्सेत्सेची संख्या फारच खालीं आणण्यांत आली.

वाचक म्हणतील, मग आपल्या गोठ्यांतहि असा सांपळा टांगला कीं झालें! पण येथें एक भेद आहे. त्सेत्सेची मादी एका वेळीं एकच अळी प्रसवते, आणि तीहि नऊ-दहा दिवसांनीं. म्हणून रोज थोड्या माश्या मारल्या तरी तिचा वंश आटतो. आपल्याकडची चावरी माशी दिसावयास घरमाशीसारखी, पण तिच्या तोंडापुढें सुईसारखी सोंड असते. ती शेंकडों अंडीं घालते, आणि तीं ओल्या कुजक्या चाऱ्यांत व शेणमुताच्या चिखलांत. सांपळ्यांत जितक्या पडतील त्याहून अधिक उकिरड्यांतून निघतात.

शिवाय ज्या वासावर तो सांपळा चालतो, तोच वास आपण गव्हाणीखालीं सांठवून ठेवतों. गोमूत्र शिळें झालें म्हणजे माशीस अधिकच ओढतें. म्हणजे सांपळा आपणच मांडला आहे, आणि त्यांत गाय बांधली आहे. असें म्हटल्यानें गोमूत्राच्या पावित्र्यास बाध येत नाहीं. पवित्र वस्तु पात्रांत शोभते, चिखलांत नव्हे.

छत्रपति संभाजीनगराच्या भोंवतालीं, पैठण-गंगापुराकडे, ज्यांचा गोठा अजून नांदता आहे त्यांनीं एवढें करावें. शेण व उरलेला ओला चारा रोज सकाळीं उचलावा. मूत्र वाहून जाईल अशी नाली काढावी. उकिरडा गोठ्यापासून लांब व मातीनें झांकलेला असावा. सांपळा लावणेंच झालें तर तो गोठ्यांत नको. बाहेर, दूर लावावा, नाहींतर माश्यांस घरीं बोलावल्यासारखें होईल. जनावर वारंवार पाय आपटूं लागलें तर ही माशी पायांस लागली आहे असें समजावें. पशुवैद्याकडून लस मात्र वेळेवर टोंचून घ्यावीच. स्वच्छता ही लशीची जागा घेत नाहीं.

एकत्र कुटुंबांत गोठ्याचें काम गड्यावर सोंपवून सर्वजण निश्चिंत असतात. घरांतील कोणीतरी एकानें आठवड्यांतून एकदां तरी गव्हाणीखालीं हात घालून पाहावा. हाताला ओल लागली तर त्या दिवसाचें पहिलें काम तेंच.