सहलीच्या गाडीचं भाडं विचारतो, ड्रायव्हर कधी झोपणार हे विचारत नाही

डिसेंबर-जानेवारी म्हणजे खानदेशातल्या शाळांचा सहलीचा हंगाम. जळगाव असो की धुळे, पालकांच्या ग्रुपवर येणारा मेसेज जवळपास सारखाच असतो. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, बीबी का मकबरा. एका दिवसात. पहाटे चारला शाळेजवळ जमायचं. पालकांचे प्रश्नही ठरलेले: पैसे किती, जेवण कुणाचं, मुलींसोबत मॅडम कोण, नमाजसाठी गाडी थांबेल ना? गाडी कुणाची, तिचा परवाना कसला, ती कुठे उभी राहणार आणि ड्रायव्हर झोपणार कधी, हे मात्र फार कमी जण विचारतात.

आधी हिशोब पाहू. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर, तिथून संभाजीनगर शंभर. पुढे दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ करून कन्नड-चाळीसगावमार्गे परत. एकूण साडेतीनशेच्या आसपास. घाट, गावांतली गर्दी आणि खराब पट्टे धरले तर नुसतं स्टिअरिंगवर आठ-नऊ तास जातात. पण ड्रायव्हरचा दिवस त्याहून मोठा असतो. चारला गाडी लावायची म्हणून तो अडीच-तीनलाच उठलेला, आणि शेवटचं मूल घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते. कन्नडचा औट्रम घाट तो अंधारात उतरतो, जागरणाच्या अठराव्या-एकोणिसाव्या तासाला. हायकोर्टाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०२३ पासून या घाटात जड वाहनांना बंदी आली. मिनीबस त्यात मोडत नाही, म्हणून ती जाते. घाट मात्र तोच आहे. पुढे चाळीसगाव ते जळगाव रस्त्यावर या दिवसांत कपाशीच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याच मागच्या लाइटशिवाय.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली होती. एक गाडी, एक ड्रायव्हर अशा धंद्यात हे कोण पाळतं? मालकाला दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर असते. तोच ड्रायव्हर, तीच गाडी. आपणच भाव पाडून पाडून ठरवलेलं भाडं त्याच्या झोपेतून वसूल होतं, हे कबूल करायला हवं.

शाळा मिनीबसकडे का वळतात, यालाही कारण आहे. शालेय सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते आणि कागदपत्रांच्या बाबतीत तीच सगळ्यात बिनघोर. पण आपल्या लहान उर्दू शाळांत सहलीला वीस-बावीस मुलं निघतात, पूर्ण एसटी भरत नाही. मग ट्रॅव्हलर ठरते, तेही नाही जमलं तर दोन क्रुझर. खरा घोळ इथेच सुरू होतो. गाडीची नंबरप्लेट पांढरी असेल तर ती खाजगी वापराची. तिच्यात भाडं घेऊन मुलं बसवणं म्हणजे परवान्याविना धंदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला आक्षेप हाच घेते. सतरा सीटच्या पासिंगमध्ये पंचवीस मुलं बसवली की तिथेही तेच. “लहान मुलं आहेत, मावतात” हे वाक्य क्लेम ट्रिब्युनलमध्ये चालत नाही.

सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाचा चुकीचा अर्थही मालक लोक ऐकवतात. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहनही चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. ट्रॅव्हलर त्यात बसते. पण ही सूट लायसन्सपुरती आहे. परवाना, फिटनेस आणि प्रवासी विमा पूर्वीसारखेच लागतात. आठ वर्षांपेक्षा जुन्या ट्रान्सपोर्ट गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं. एम-परिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की फिटनेस आणि विम्याची तारीख समोर येते. दोन मिनिटांचं काम, कोणत्याही पालकाला जमेल असं.

आता गाडी उभी करण्याबद्दल. अपघात चालत्या गाडीलाच होतो असं आपण धरून चालतो. जळगावात नोव्हेंबर २०२४ मध्ये इच्छादेवी चौकाजवळ जे झालं, ती गाडी उभी होती. भाड्याने घेतलेल्या ओमनीत बेकायदा गॅस भरला जात असताना स्फोट झाला, कुटुंब होरपळलं, जीव गेले. त्यामुळे मुलं बसलेली असताना डिझेल नाही, गॅस नाही, पंपावर आधी सगळे खाली, एवढी अट तरी घालता येते. धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ ४ जुलै २०२३ ला मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत थेट हॉटेलात घुसला, किमान १० माणसं गेली. ती माणसं रस्त्याकडेला थांबलेली होती. चहासाठी आपली सहलीची गाडी थांबते ती अशाच जागी, महामार्गाला चिकटून, उताराच्या पायथ्याशी.

जोहरच्या नमाजलाही हेच होतं. मशीद दिसली की गाडी कडेला लागते, मशीद पलीकडच्या बाजूला असते आणि वीस मुलं चौपदरी रस्ता ओलांडतात. मशीद आपल्याच बाजूची हवी, आत अंगण हवं, आणि ती आदल्या दिवशी फोनवर ठरलेली हवी. सहलीत कसर नमाजची सवलत आहेच, त्यामुळे घाई करण्याचंही कारण नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ साधं आहे: सीटवर लायसन्सवाला माणूस नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे. प्रत्यक्षात गाणी चालू राहावीत म्हणून चावी तशीच सोडून ड्रायव्हर पान खायला जातो आणि आठवीतला एखादा पोरगा त्याच्या सीटवर जाऊन बसतो. गाडी मागे घेताना खाली उभा राहून बघणारा मोठा माणूस नसतो. क्लिनर ठेवला तर भाडं वाढतं ना!

अजिंठ्याची पद्धत या बाबतीत चांगली आहे. खाजगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात, पुढचे चार किलोमीटर एसटीची बस नेते. मुलं लेण्यांत दोन-तीन तास असतात. ड्रायव्हरला दिवसभरात झोपायला मिळणारी खरी वेळ हीच. नेमकं तेव्हाच त्याला पाण्याचे जार आणायला किंवा जेवणाच्या डब्यांसाठी पिटाळलं जातं.

आणि पाच ठिकाणं एका दिवसात कशासाठी? धुळ्याच्या मुलांना तापीकाठचं थाळनेर जवळ आहे, फारुकी सुलतानांच्या कबरी तिथेच आहेत. लळिंगचा किल्ला तर शहराला लागूनच. एरंडोल तालुक्यात झुलत्या मनोऱ्यांसाठी ओळखलं जाणारं फरकांडे आहे. जळगाव-धुळ्याच्या किती मुलांनी ते पाहिलेत? सकाळी आठला निघून मगरिबच्या आधी घरी येता येतं, आणि आपल्याच मुलखाचा इतिहास समजतो.

२०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, पालक प्रतिनिधीही तिच्यात असतो. ती रोजच्या बससाठी आहे, पण सहलीची गाडी याच समितीसमोर ठेवायला कुणाची हरकत नसावी. बुकिंगच्या कागदावर गाडी नंबर, पासिंगच्या सीट, ड्रायव्हरचं नाव, थांबे आणि परतीची वेळ लिहून घ्यावी. लांबची सहल असेल तर दुसरा ड्रायव्हर. त्याचे दीड हजार धरले, तर वीस मुलांत माणशी ७५ रुपये वाढतात. पालकांच्या पुढच्या बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहून विचारून बघा, किती जण नाही म्हणतात ते.