चिठ्ठीवरचा 'आराम'

सांगवीतल्या दवाखान्यात मुरगळलेला पाय बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. तोवर घरी आंबेहळद-तुरटीचा गरम लेप झालेला असतो, तेल लावून चोळून झालेलं असतं, कुणा जाणत्याकडून 'शिरा मोकळ्या' करून घेतलेल्या असतात. कंबरेत उसण भरली असेल तर पायाळू माणसाची लाथही. लेपाबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतला कडक शेक आणि जोरात चोळणं यांनी मात्र सूज वाढते. म्हणून 'घरी काय काय केलंत?' हे विचारायलाच हवं, आणि उत्तर ऐकून रागावू नये. रागावलो की पुढच्या वेळी रुग्ण सांगत नाही.

आपली चूक याहून मोठी आहे. आपण चिठ्ठीवर 'पंधरा दिवस आराम' लिहून मोकळे होतो. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चतुःसूत्री गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. पुढे त्यांनीच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. एक-दोन दिवस पाय जपावा, क्रेप बँडेज बांधावं, निजताना पाय उशीवर ठेवावा. बर्फ फक्त ठणका कमी करण्यापुरता, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. मग सोसेल तितका भार टाकायला लावावा.

भोसरी-चाकणला कंत्राटावर जाणाऱ्याचा पंधरा दिवसांचा रोज बुडणार असेल, तर तो चिठ्ठी खिशात ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी सुजलेला पाय सेफ्टी शूजमध्ये कोंबतो. त्यापेक्षा 'पाच दिवस बसून काम. शिडी नको, ओझं नको' असं मराठीत लिहून द्या, सुपरवायझरला वाचता येईल अशा अक्षरात.

एक्स-रे कुणाचा काढायचा? औंधचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे म्हणून सगळ्यांनाच तिकडे पाठवायची गरज नाही. १९९२ चे ओटावा निकष पुरेसे आहेत: घोट्याच्या दोन्हींपैकी कुठल्याही हाडाची मागची कड किंवा टोक, करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचा मागचा टोकाचा भाग किंवा पावलाच्या आतल्या बाजूचं नावेसारखं हाड दाबल्यावर दुखणं, किंवा दुखापत होताच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता न येणं.

सूज उतरल्यावर बेसिनला हात टेकून, दात घासताना एका पायावर उभं राहायचं, हे पहिल्याच भेटीत करून दाखवा. दुखणं थांबलं की दुसऱ्या भेटीला फारसं कुणी येत नाही, आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो.