आम्लकारक म्हणजे प्रतिजैविक नव्हे



डुकराच्या पिलांना खाद्यातून आम्लकारक देणे म्हणजे मागच्या दाराने प्रतिजैविके चारणे, हे आपल्या अंकातील लेखाचे म्हणणे साफ चुकीचे आहे.

एक, आम्लकारके म्हणजे सायट्रिक, फ्युमॅरिक, फॉर्मिक यांसारखी सेंद्रिय आम्ले. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके चारणे बंद केले, तेव्हा तिथल्या वराहपालकांनी जे पर्याय धरले त्यांत हीच आम्ले होती.

दोन, ‘पोटात आम्ल असतेच, वरून कशाला?’ हा सवाल मोठ्या डुकरापुरता ठीक. अंगावर पिणाऱ्या पिलाच्या पोटात दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनते. पिलू आईपासून तोडले की ते घटते आणि जठरात स्वतःचे आम्ल अजून पुरेसे पाझरत नाही. त्यामुळे मका-सोयापेंडीतली प्रथिने नीट पचत नाहीत, ई. कोलाय जिवाणू माजतो, शेपटीखाली हगवणीची ओल दिसते आणि पिले खंगतात. वरून दिलेले आम्ल हीच उणीव भरून काढते.

तीन, खर्च. शंभर किलो खाद्याला एक ते दोन किलो सायट्रिक आम्ल लागते, तेही तोडणीनंतरचे काही आठवडेच. गुण येत नसेल तर खाद्यातली चुनखडी तपासावी. ती जास्त झाली की आम्ल मारते.

ओल्या, गारठलेल्या गोठ्यात आम्लकारक पुरे पडत नाही, एवढेच लेखातले मान्य. बुलढाण्यात मका आणि सोयाबीन शेतातच पिकते. त्या बळावर वराहपालनात उतरणाऱ्या तरुणांना अर्धवट माहितीने घाबरवू नये.

– एक वराहपालक, चिखली (जि. बुलढाणा)