हापिसाला अंधेरी, कामगाराला वांगणी!



अंधेरीला पूर्वेकडे उतरा आणि चकाल्याच्या वाटेला लागा. बी. डी. सावंत मार्गावर हिंदुस्तान युनिलिव्हर कंपनीचे मुख्य कार्यालय दिसेल. सुमारे साडेबारा एकर जागा. बॅकबे रेक्लमेशनवरचे ‘लिव्हर हाऊस’ सोडून कंपनी २००९-१० च्या सुमारास येथे आली. आता उलट फिरा आणि आपल्या शिवडीला या. १९३४ साली याच कंपनीचा साबणाचा कारखाना शिवडीत सुरू झाला. तो २००६ साली बंद पडला. साबण करणारे हात घरी गेले आणि साबणाचा हिशेब करणारे डोके चार वर्षांत अंधेरीच्या नव्या वाड्यात जाऊन बसले!

कंपनीने कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे त्याहून कडू आहे. कायदा न मोडता हे सारे या मुंबईत बिनबोभाट करता येते, आणि ते करताना शेजारच्या वस्तीला, कामावरून उतरलेल्या कामगाराला कुणी एका शब्दाने विचारीत नाही. आमचे भांडण आहे ते याच्याशी.

आम्ही म्हणजे कोण? परळ-लालबागची खोली विकून किंवा सोडून भांडुपला, कांजूरला, बोरिवलीला, घाटकोपरच्या डोंगरावर आलेले गिरणी कामगार आणि आमची पोरे. गिरणीचा भोंगा गेला, तेव्हा उपनगरातला कारखाना तरी आहे, पोरगा तिथे चिकटेल, असे आम्हांला वाटले होते. तो कारखानाही गेला. भिंत तीच राहिली, फाटकावरची पाटी बदलली.

ही उपनगरे कशी वसली ते आठवा. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. तेव्हाच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग लागली. गोदरेजचा कारखाना लालबागेतून विक्रोळीला गेला तो याच काळात. आणि खोटे कशाला बोला? तो गेला तेव्हा त्याच्याबरोबर कामगारांच्या राहण्याच्या इमारती उभ्या राहिल्या, १९५५ साली ‘उदयाचल’ शाळा निघाली. मालक मालकच होता, त्याच्याशी कामगारांची भांडणेही झाली. पण कारखाना वस्तीत येतो तेव्हा आपल्याबरोबर खोली, शाळा आणि पगार घेऊन येतो, हे त्या काळी मालकालाही समजत होते. त्याच विक्रोळीत २०१५ साली ‘गोदरेज वन’ हे नवे मुख्यालय झाले. तिथे जुना कारखाना आणि वसाहत तरी जवळ आहे. बाकीच्या ठिकाणी काय आहे?

गोरेगावला बघा. हायवेला लागून निरलॉनचा कारखाना होता. नायलॉनचा धागा निघायचा तिथे. म्हणजे आपलेच भाऊबंद, आपण सुताचे, ते नायलॉनचे. आज त्या सुमारे तेवीस एकरांवर ‘निरलॉन नॉलेज पार्क’ आहे आणि परदेशी बँका-कंपन्यांची कार्यालये तिथे भाड्याने बसली आहेत. नॉलेज म्हणजे ज्ञान! धागा काढणाऱ्याला ज्ञान नव्हते, असे यांचे म्हणणे दिसते.

याच उपनगरांनी आम्हांला डॉक्टर दत्ता सामंत दिले. घाटकोपरचा हा डॉक्टर आधी खाणीतल्या पाथरवटांचा झाला, मग इंजिनिअरिंग कारखान्यांतल्या कामगारांचा, आणि १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार त्याच्या मागे संपावर गेले. १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्याचा खून झाला. संपाबद्दल आपल्यात आजही दोन मते आहेत, ती असू द्या. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. त्या संपापर्यंत मालकाला आमच्या हातांची गरज होती. त्यानंतर त्याला फक्त आमच्या पायाखालची जमीन हवी होती.

आता शेजाराचे बोलू. वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजार आहे, सेबी आहे, नाबार्ड आहे, आयसीआयसीआय बँक आहे. १९७७ साली सरकारने ही जागा एमएमआरडीएच्या हवाली केली. सुमारे ३७० हेक्टर. जागा कसली? मिठी नदीच्या काठची दलदल, खारफुटी, भरतीचे पाणी पसरायची मोकळी जमीन. ती भराव टाकून उंच केली. विहार-पवईकडून उतरणारी ही नदी जेमतेम अठरा किलोमीटरांची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीचे पाणी पसरायला जागा शोधू लागले. ते क्रांतीनगरात शिरले, कुर्ल्यात शिरले, कलिन्यात शिरले. सगळे पाप एकट्या संकुलाचे नाही. विमानतळाने नदी वाकवली, कारखान्यांनी तिच्यात घाण ओतली, आमच्याही झोपड्या काठावर होत्या. पण हापिसांना उंच जमीन आणि चाळीला पुराचे पाणी, ही वाटणी देवाने केलेली नाही! आराखडा कागदावर माणसे काढतात आणि त्यावर सही माणसेच करतात.

“पण अहो, रोजगार येतो ना!” असे आम्हांला ऐकवतात. येतो की! आमची पोरे रोज त्या फाटकातून आत जातात. कोणी पहारेकरी आहे, कोणी फरशी पुसतो, कोणी कँटीनमध्ये बशा विसळतो, कोणी साहेबाच्या गाडीचा ड्रायव्हर. पण पोरगा कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. ठेका बदलला की गणवेश बदलतो आणि नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू. बारा बारा तास उभे राहून पगार किती, ते विचारू नका. बाप मात्र गिरणीत पर्मनंट होता, प्रॉव्हिडंट फंड होता, ग्रॅच्युइटी होती, युनियनची पावती होती. राज्य सरकारच्या धोरणात लिहिले आहे की उद्योगांत पर्यवेक्षकाच्या जागांपैकी ५० टक्के आणि इतर जागांपैकी ८० टक्के स्थानिकांना द्याव्यात. फार छान. मग त्या टक्क्यांत ठेकेदाराचा झाडूवाला धरता की नाही? धरत असाल तर वरच्या मजल्यावर किती, खालच्या मजल्यावर किती, हे वेगवेगळे छापा. आमच्या वस्तीतली बी.कॉम. झालेली मुलगी वरच्या मजल्यावर कधी जाणार, ते त्या कागदावर दिसेल.

रोजगाराचे हे उपकार आम्ही आज पहिल्यांदा ऐकत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ‘बॉम्बे सिटिझन्स कमिटी’तले बडे शेठ राज्य पुनर्रचना आयोगापुढे हेच सांगायला गेले होते की मुंबई भांडवलाने उभारली, ती महाराष्ट्रापासून वेगळी ठेवा. त्यांना उत्तर देताना शंभरावर माणसे गोळीला बळी पडली, त्यांत गिरण्यांतली माणसे होती. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. नकाशावर मुंबई आपली झाली, सातबाऱ्यावर ती कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या सातबाऱ्यावर आपले नाव लागायची एक संधी आली होती. १९९१ च्या विकास नियमांत कलम ५८ होते. गिरणीची जमीन विकासाला काढली की ढोबळ मानाने तीन वाटे व्हायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीची शेड पाडून जी जमीन मोकळी होई ती वाटणीतून सुटली. आणि गिरणीत शेड सोडून मोकळे असते किती? मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. एवढ्या एका दुरुस्तीत आमच्या घरांची जमीन गेली.

राहिले काय? घरासाठी अर्ज सुमारे पावणेदोन लाख. २०१२ सालापासून सोडती निघताहेत, पण आजवर घर मिळालेले त्यांतले थोडे. वाट बघत किती कामगार गेले आणि फाईल वारसाच्या हाती आली. मग २०२४ साली सरकारने शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखवला, सुमारे ८१ हजार घरे. कर्जतच्या लोकलने पहाटे निघायचे आणि रात्री परतायचे! ९ जुलै २०२५ ला म्हातारे कामगार, बाया, वारस आझाद मैदानावर पावसात जमले आणि त्यांनी एकच सांगितले, मुंबईत घर द्या. “मुंबईत जागा नाही,” हे उत्तर आम्हांला पाठ झाले आहे. चकाल्यात साडेबारा एकर निघाले, गोरेगावात तेवीस निघाले, मिठीकाठी नदी भरून निघाले. जागा नाही ती फक्त आमच्या नावाची.

म्हणून आमची मागणी अशी आहे. १९९१ चा तीन वाट्यांचा नियम सुताच्या गिरण्यांपुरता होता. उपनगरातल्या साबणाच्या, धाग्याच्या, यंत्रांच्या कारखान्यांना कामगारांच्या घरांचा असा तिसरा वाटा कधी लागलाच नाही. तो आता लावा. जी जमीन कारखान्याची होती आणि हापिसाची होणार आहे, तिच्या एक तृतीयांशावर कामगारांची घरे, तीही त्याच वॉर्डात, हापिसाच्या पहिल्या मजल्याला परवानगी देण्याआधी. पैसे घेऊन अट माफ करायची पळवाट नको. आणि भराव किती फूट घालणार, पावसाचे पाणी कुठे काढणार, हा नकाशा शेजारच्या चाळीच्या नाक्यावर मराठीत लावा.

हे होणार कसे? १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतींना एक महिन्याची मुदत असते. ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या टायपात येते आणि आपण क्रिकेटचे पान उलटून चहा पितो. २०१५ साली मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा हरकतींचा असा भडिमार झाला की एप्रिलमध्ये सरकारला तो पुन्हा करायला पाठवावा लागला. त्या हरकतींत वकील होते, वास्तुशास्त्रज्ञ होते, सोसायट्या होत्या. गिरणी कामगारांच्या सह्यांचे गठ्ठे त्यात किती होते, ज्याने त्याने आपल्याशी विचारावे.

अंधेरी पूर्वेला के-पूर्व वॉर्ड, घाटकोपरला एन, भांडुप-विक्रोळीला एस, मुलुंडला टी, बोरिवलीला आर-मध्य. प्रत्येक वॉर्डात दोन माणसे निवडा. एकाने रोज सकाळी जाहीर सूचनांचे पान वाचायचे, दुसऱ्याने बंद कारखान्यांच्या फाटकांवर फेरी मारून कुठे पत्रे लागले, कुठे मोजणी चालू झाली ते पाहायचे. हरकतीचा अर्ज मराठीत लिहा, गिरणीचे नाव आणि तिकीट नंबर घाला, दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.