डाव्या हाताला न कळो, रोग्याला तर कळू द्या!

आरोग्य शिबिराची बातमी वर्तमानपत्रात द्यावी असा विषय निघाला की आमच्या मावळ-लोणावळा भागातील धर्मग्रामांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "फादर, आपण सेवा करायची. गाजावाजा कशाला?" असे म्हणणारी माणसे वाईट नसतात. बहुधा शिबिराच्या दिवशी पहाटेपासून सतरंज्या अंथरणारी, चहाचे पातेले चुलीवर चढविणारी हीच मंडळी असतात. त्यांच्यापाशी शास्त्राधारही असतो. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्या निष्ठेविषयी आम्हांला आदर आहे; परंतु त्या वचनाच्या त्यांनी लावलेल्या अर्थाशी आमचे भांडण आहे, आणि ते आम्ही येथे उघडपणे मांडणार आहोत. कारण या सोज्ज्वळ गैरसमजापायी माणसे मरतात.

प्रथम वचनाचाच विचार करू. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू बोलतात ते दानधर्माविषयी, आणि त्यांच्या नजरेसमोर आहेत सभास्थानांत व रस्त्यांत कर्णे वाजवून दान करणारे लोक. निषेध आहे तो दात्याच्या मोठेपणाचा. परंतु त्याच डोंगरावरील प्रवचनात, केवळ एक अध्याय आधी, दिवा मापाखाली झाकू नये, दिवठणीवर ठेवावा, म्हणजे घरातील सर्वांना उजेड मिळेल, असेही प्रभूंनी सांगितले आहे. दोन्ही वचने एकाच मुखातली आहेत. त्यांत विसंगती नाही. दात्याचे नाव झाकावे, उजेड झाकू नये. शिबिर कोणी भरविले हे डाव्या हाताला न कळले तरी काही बिघडत नाही. ते केव्हा, कोठे आणि कोणत्या रोगासाठी आहे, हे रोग्याला कळलेच पाहिजे. चार महिने खोकणारा माणूस म्हणजे काही आपला डावा हात नव्हे.

क्षयरोगाचेच उदाहरण घ्या. रॉबर्ट कॉखने या रोगाचे जंतू सापडल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. त्याला आता एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो. शासकीय आरोग्य केंद्रात तपासणीला पैसे पडत नाहीत, औषधालाही पडत नाहीत. उपचार चालू असताना पोटाला पौष्टिक अन्न मिळावे म्हणून एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा करण्याची योजना आहे; नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. एवढे असूनही जगातील क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक आपल्या देशात आहेत. त्याला दारिद्र्य, कोंदट घरे, कुपोषण अशी अनेक कारणे आहेत आणि ती एका शिबिराने दूर होणारी नाहीत. पण एक कारण आपल्या हातातले आहे : ज्याला रोग आहे त्याला खबर नाही.

नाणे मावळातील एका वाडीवरची स्त्री आम्हांला ठाऊक आहे. चार महिने ती खोकत होती. औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणायची, ती संपली की दुसरी आणायची. बाजारहाटासाठी ती कामशेतला येत-जात होती. याच काळात तिच्या वाडीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर एका संस्थेने आरोग्य शिबिर भरविले. छातीची तपासणी होती, डॉक्टर होते. तिला कोणी सांगितले नाही. तिचा नववीत शिकणारा मुलगा चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र वाचतो. त्याने शिबिराची बातमी वाचली, परंतु ती शिबिर उरकल्यावर तिसऱ्या दिवशी! पुढे धर्मभगिनींनी तिला आरोग्य केंद्रात नेले तेव्हा तिची दोन्ही फुप्फुसे पोखरली गेली होती आणि घरातील धाकट्या मुलीलाही लागण झाली होती.

ती बातमी आमच्यासमोर आहे. अठरा ओळींची आहे आणि सोबत छायाचित्र आहे. त्या अठरा ओळींत नऊ मान्यवरांची नावे आली आहेत. उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झाले, अध्यक्षस्थान कोणी भूषविले, दीपप्रज्वलनाच्या वेळी व्यासपीठावर कोण कोण विराजमान होते, प्रास्ताविक कोणी केले, सूत्रसंचालन कोणाचे आणि आभार कोणी मानले, हे सर्व यथासांग आहे. "परिसरातील असंख्य नागरिकांनी लाभ घेतला" हे वाक्य आहे. वास्तविक शिबिरात असंख्य असे काही नसते, तेथे नोंदवही असते. कोणता रोग? "विविध आजार." त्याची लक्षणे काय? ती नाहीत. ज्यांना येता आले नाही त्यांनी पुढे कोठे जावे? तेही नाही. आणि छायाचित्रात फीत आहे, कात्री आहे, हार आहेत; डॉक्टर मागच्या रांगेत अर्धा कापला गेला आहे.

हा मजकूर कोणा बातमीदाराने रचलेला नव्हता. आयोजकांनीच तो लिहून धाडला होता आणि संपादकाने तो जसाच्या तसा छापला. आणखी एक गंमत पाहा. "गाजावाजा नको" म्हणणारेच काही सज्जन, छायाचित्रात आपल्या मंडळाचे अध्यक्ष नीट दिसत नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी फोन करतात. म्हणजे आपल्याला नको असतो तो उजेड. कर्णा मात्र चालतो. शुभवर्तमानात नेमके उलटे सांगितले आहे.

प्रसिद्धीचा हा वाद ख्रिस्तसभेला नवा नाही. मे १८७३ मध्ये फादर डेमियन मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत होनोलुलूच्या 'नुहोउ' नावाच्या स्थानिक वृत्तपत्राने त्यांच्याविषयी लिहिले. ते वृत्तपत्र काही कॅथलिकांचे नव्हते. तेथून वार्ता दूरदूर पसरली, पुढे मदतीचा ओघ सुरू झाला आणि एक विस्मृत बेट जगाच्या नकाशावर आले. त्यांच्या वरिष्ठांना ही प्रसिद्धी खुपली. हा माणूस नावासाठी हपापला आहे, अशी शंका घेतली गेली. परंतु अमेरिकेतील जोसेफ डटन नावाच्या एका माजी सैनिकाने डेमियन यांच्या कार्याविषयी छापून आलेले वाचले, १८८६ मध्ये तो मोलोकाईला येऊन थडकला आणि चाळीसहून अधिक वर्षे त्याने तेथे रोग्यांची शुश्रूषा केली. १५ एप्रिल १८८९ रोजी डेमियन त्याच रोगाने निवर्तले आणि २००९ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्या वेळी 'गाजावाजा नको' असे म्हणून वार्ता दाबली गेली असती तर डटन घरीच राहिले असते. मग बेटावरच्या रोग्यांच्या जखमा कोणी धुतल्या असत्या?

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू, कारण तो अधिक गंभीर आहे आणि दबक्या आवाजात बोलला जातो. "फादर, आपले नाव पेपरात आले की लोक म्हणतील, औषधाच्या निमित्ताने धर्मांतर चालले आहे. त्यापेक्षा गप्प राहिलेले बरे." ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही, ख्रिस्ती सेवेकडे संशयाने पाहणारे लोक आहेत आणि त्या संशयाची झळ आपल्या सिस्टरांनाही बसते. पण मौन हे त्यावर औषध कसे होईल? बंद दाराआड केलेल्या गोष्टीविषयीच लोक कुजबुजतात. ज्या शिबिराची सूचना आठ दिवस आधी वर्तमानपत्रात आली आहे, ज्याच्या सूचनेत शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे नाव प्रथम आहे, जे ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या ओट्यावर भरते आणि जेथे सरपंचापासून आशाताईपर्यंत सर्वांची ये-जा असते, तेथे संशयाला जागा उरत नाही. आपल्या धर्मग्रामाचे नाव शेवटी आले तरी चालेल. न आले तरी चालेल. तेथे खरोखरच डाव्या हाताचे वचन लागू पडते.

आता संपादक महाशयांना दोन शब्द, कारण सारा दोष आयोजकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. लोणावळ्याच्या नशिबी पावसाळ्यातल्या गर्दीच्या आणि द्रुतगती मार्गावरील वाहनांच्या रांगांच्या बातम्या कायमच्या आहेत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळला. त्या वेळी मावळ पहिल्या पानावर होते आणि ते योग्यच होते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा पिण्याच्या पाण्याविषयी वर्तमानपत्रांनी दररोज रकानेच्या रकाने लिहिले. तेही चांगलेच झाले. पण क्षय वर्षभर एकेक माणूस नेत असतो, गाजावाजा न करता. त्याला बातमी होता येत नाही, कारण तो एकाच दिवशी सर्वांना मारीत नाही. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात 'सकाळ' काढले तेव्हा गावोगावचे बातमीदार नेमून सामान्य माणसाच्या पाण्याच्या, बाजारभावाच्या, रस्त्याच्या गोष्टींना त्यांनी बातमीचा मान मिळवून दिला. त्या परंपरेच्या जिल्ह्यात आज शिबिराच्या चार ओळींसाठी "जाहिरात किती सेंटिमीटर देता?" असा प्रश्न विचारला जातो. आम्हांला तो विचारला गेला आहे. विचारणाऱ्याचे नाव आम्ही घेत नाही; तो बिचारा स्वतःच जाहिरातीच्या उद्दिष्टाखाली दबलेला होता. परंतु आरोग्याच्या सूचनेला जागा नाही म्हणणाऱ्या पानांवर चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना जागा कशी सापडते? क्षय, कुष्ठरोग, मधुमेह यांसारखे रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्यानेच बंदी केलेली आहे, एवढे येथे नमूद करून पुढे जातो.

संपादकाला दोष देऊन झाल्यावर त्याची बाजूही पाहिली पाहिजे. आपण चांगले काम करतो, ही बातमी नव्हे. २००१ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'सह महाराष्ट्रातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातील बालमृत्यू घरोघर जाऊन मोजले आणि 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे आकडे शासनाच्या नोंदीपेक्षा कितीतरी अधिक निघाले. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले आणि शासनाला समिती नेमावी लागली. तेथे ना फीत होती ना हार. मोजणी होती. आपल्या लोणावळ्यातच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' त्रैमासिक काढून आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापण्यास आरंभ केला. आपल्याही धर्मग्रामात शिकलेले तरुण आहेत, परिचारिका आहेत. अंदर मावळातील, पवन मावळातील एकेका वाडीत दोन आठवड्यांहून अधिक खोकणारी माणसे किती, त्यांपैकी थुंकी तपासलेली किती, आरोग्य केंद्रापर्यंत जायला एस.टी. दिवसातून किती वेळा येते, हे आरोग्य केंद्राच्या संमतीने मोजून, कोणाचेही नाव न देता बातमीदाराला द्या. तो जाहिरात मागणार नाही. आणखी माहिती मागेल.

वडगाव, कामशेत, लोणावळा येथील बातमीदार हे बहुधा दुसरा काही उद्योग सांभाळून बातम्या देणारे गृहस्थ असतात. त्यांना पाकीट देऊ नये, मान द्यावा. मजकूर शिबिराच्या आठ दिवस आधी द्यावा आणि सकाळी द्यावा. संध्याकाळी पाने लावण्याच्या घाईत मिळालेला कागद टोपलीत जातो. प्रश्नांना उत्तरे द्यायला एकच जाणता माणूस नेमावा, शक्यतो डॉक्टर. रोग्याचे छायाचित्र देऊ नये. हे आम्ही कळकळीने सांगतो : कातकरी लेकराच्या हातात गोळ्या ठेवून फोटो काढणे हे त्या लेकराच्या लाजेवर आपली शोभा वाढविणे आहे; आणि क्षयाचा शिक्का बसलेल्या मुलीचे लग्न जमणे किती अवघड होते, हे मावळातल्या कोणत्याही आईला विचारावे.

आपला छापखान्याशी संबंध काही कालचा नाही. 'निरोप्या' १९०३ पासूनचा; समाजसंपर्क साधनांविषयी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र आदेशपत्रच काढले. तेव्हा ११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्णदिनी नुसती मिस्सा अर्पण करून न थांबता त्या आठवड्यात पुढील नमुन्याचा मजकूर तालुक्याच्या प्रत्येक बातमीदाराकडे पोचवावा, असे आम्ही प्रत्येक धर्मग्राम परिषदेला सुचवितो :

"दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळी ताप, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काही असल्यास अमुक वारी, अमुक वेळी, अमुक गावच्या शाळेत यावे. तपासणी मोफत. वैद्यकीय अधिकारी उपस्थित राहतील. त्या दिवशी येणे न जमल्यास अमुक आरोग्य केंद्रात कोणत्याही कामाच्या दिवशी हीच तपासणी होते. उपचार व औषधे मोफत. नाव गुप्त राखले जाईल."

पाहुण्यांची नावे ज्यांना हवीच असतील त्यांच्यासाठी चर्चच्या दाराशी फळा आहे.