वेष्टनावरचे नाव आणि कामाचे तास

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. मुले बिघडतात, डोळे जातात, एवढ्यावर चर्चा आटोपते. हे खेळ कोण घडवतो, किती तास राबून घडवतो आणि त्या श्रमाचे मोल कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

१९७७ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे यंत्र बाजारात आणले. त्याची स्मृती अवघी १२८ बाइटांची. पोस्टकार्डावरचा मजकूरही तीत मावू नये. त्यामुळे प्रोग्राम असेम्ब्ली भाषेत, म्हणजे जवळजवळ यंत्राच्याच बोलीत, एकेक आज्ञा मोजून लिहावा लागे. कल्पना, चित्रे, आवाज, प्रोग्राम असे सारे बहुधा एकच माणूस करी. वेष्टनावर मात्र त्याचे नाव नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात गुप्त खोली रचून तीत आपले नाव लपवले. मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

१९७९ साली चार प्रोग्रामर नाव आणि विक्रीतला वाटा मागण्यासाठी अटारीच्या प्रमुखाकडे गेले. खेळाची पेटी जुळवणाऱ्या कामगाराहून तुमचे महत्त्व अधिक नाही, असे उत्तर मिळाल्याचे त्यांच्यापैकी एकाने पुढे सांगितले आहे. चौघे बाहेर पडले आणि अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. प्रोग्रामरचे नाव ठळकपणे छापण्याची प्रथा तिनेच पाडली. ही कथा स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. मला तीत एक गोष्ट खटकते. मालकाचे ते उत्तर अपमान ठरते, ते पेटी जुळवणारा क्षुद्र आहे हे आपण सर्वांनीच गृहीत धरल्यामुळे. ज्यांना बाहेर पडून कंपनी काढणे शक्य होते त्यांनी ती काढली. पेटी जुळवणारा होता तेथेच राहिला.

पुढे यंत्रे बलाढ्य झाली. आज मोठ्या खेळाचा गाभा बहुधा सी प्लस प्लस भाषेत असतो आणि खेळाचे नियम पुष्कळदा लुआ किंवा सी शार्पसारख्या सुटसुटीत भाषांत लिहितात. एका माणसाच्या जागी शेकडो माणसे आली. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली वर्णिलेला टाचणीचा कारखानाच हा! साधने सुधारली की श्रम हलके होतील, ही आशा मात्र भाबडी ठरली. कारण खेळ विक्रीस येण्याची तारीख बाजार ठरवतो, संगणकाची भाषा नव्हे. वाचलेला वेळ आणखी मोठा खेळ रचण्यात जातो आणि अखेरच्या महिन्यांत चुका निस्तरण्यासाठी रात्रंदिवस काम जुंपले जाते. धंद्यात याला ‘क्रंच’ म्हणतात. २००४ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने आठवड्याला ८५ तासांच्या कामाची कैफियत जाहीर केली. त्याच सुमारास जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावे झाले आणि कंपनीने ते तडजोडीने मिटवले: कलाकारांचा १ कोटी ५६ लाख डॉलरांना, प्रोग्रामरांचा १ कोटी ४९ लाखांना. तरी क्रंच गेला नाही. सक्तीचे जादा काम टाळू, असे २०१९ मध्ये सांगणाऱ्या पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’साठी सहा दिवसांचा आठवडा लादलाच.

या साखळीच्या शेवटी बसतो चाचणी घेणारा. तोच खेळ शेकडो वेळा खेळून दोष नोंदवणारा हा माणूस पुष्कळदा कंत्राटी असतो. डिसेंबर २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधील रेव्हन सॉफ्टवेअर येथे अशा बारा जणांना कामावरून कमी केले जाणार असल्याचे सांगण्यात आले. सहकाऱ्यांनी काम बंद केले, युनियन बांधली. मालकांनी स्वेच्छेने मान्यता नाकारली आणि मतदान व्हायचे तर साऱ्या स्टुडिओचे व्हावे असा आग्रह धरला. म्हणजे मूठभर चाचणीवाले त्या गर्दीत बुडावेत. तो फेटाळला गेला. मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन जिंकली. मालक कोण होते? अ‍ॅक्टिव्हिजन! १९७९ चे संस्थापक केव्हाच दूर झाले होते, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण नाव छापून मिळाले तरी कामाचे तास आणि नोकरीची हमी दुसऱ्याच्याच हाती राहिली, हे येथे उघड दिसते.

खेळ घडवण्याचे आणि तपासण्याचे काम आता पुण्यातही चालते. युबिसॉफ्टचा स्टुडिओ तेथे २००८ पासून आहे. अशा ठिकाणच्या तरुणांना आपण ‘संगणकवाले’ म्हणून कामगारांतून वगळून टाकतो. आपल्या कामगार आघाडीच्या कार्यकर्त्यांनी एकदा त्यांच्याशी बोलावे. खेळ विक्रीला येण्याआधीच्या महिन्यात ते घरी किती वाजता पोहोचतात, एवढेच आरंभी विचारावे.